शुक्रावरून परत

थर्ड इयरला आल्यापासून घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "मग, पुढे काय ठरवलंस?" मेकॅनिकलच्या मुलीला पर्यावरणात एम.टेक. करायचंय, हे बाबांच्या गळी कसं उतरवायचं? त्यासाठी मी जेम्स हॅन्सनची गोष्ट पाठ करून ठेवली. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुका पोटात घाला.)

हॅन्सन अमेरिकेतल्या आयोवाचा, शेतकऱ्याचा मुलगा. शिकत होता फिजिक्स आणि अ‍ॅस्ट्रॉनॉमी. डिसेंबर १९६३ मध्ये खग्रास चंद्रग्रहण बघायला बसला, तर चंद्र जवळजवळ गायबच! एरवी ग्रहणात चंद्र तांबूस दिसतो, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळलेला थोडा प्रकाश त्याच्यावर पडतो. त्या वर्षी बालीतल्या आगुंग ज्वालामुखीमुळे स्ट्रॅटोस्फियरमध्ये बारीक कण पसरले होते, त्यांनी तो प्रकाशही अडवला. चंद्र किती काळवंडला यावरून हवेत कण किती, हे त्याने शोधलं. म्हणजे बघत होता चंद्र, अभ्यास झाला आपल्याच हवेचा.

मग शुक्र. तिथे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड, तापमान सुमारे ४६० अंश सेल्सियस. १९७८ मध्ये निघालेल्या पायोनियर व्हीनस यानावर त्याचा प्रयोग होता. पण यान पोचायच्या आधीच त्याने ती जबाबदारी सोडली! डोळ्यांदेखत बदलणारा ग्रह आपलाच आहे, हे त्याला दिसत होतं. बरं, विषय बदलला तरी गणित तेच: ऊर्जा आत किती येते, बाहेर किती जाते. हीट ट्रान्सफरमधलं रेडिएशन हो, जे आपण सगळे ऑप्शनला टाकतो.

२३ जून १९८८ रोजी त्याने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की ही तापमानवाढ नैसर्गिक चढउतार नाही, ९९ टक्के खात्री आहे. पुढे नुसतं सांगून भागेना, तेव्हा २००९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कोळसा खाणींविरुद्धच्या आंदोलनात अटक करून घेतली, तीही नासाच्या नोकरीत असताना. २०१३ मध्ये निवृत्ती घेतली ती हेच काम मोकळेपणाने करता यावं म्हणून. शास्त्रज्ञाने रस्त्यावर उतरावं का, यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत भांडण झालं. माझं मत, उतरावं. पण आधी ग्रहणाचं गणित सुटलेलं असावं.

परवा बाबांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फॉर्म आणून ठेव. अटकेचं तेवढं आजीला सांगू नकोस."