सातशे शहाऐंशीची नोट

मराठीत 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि 'हर्रास' अरबीतून. दोन्ही शब्द आपण आपलेसे केले. आता हा हर्रास मोबाइलवर भरतो. अमेरिकेत १९९५ साली 'ईबे' सुरू झाली आणि जुनी नाणी, नोटा, टपाल तिकिटे घरबसल्या विकण्याची पद्धत जगभर पसरली.

मंडळी, यात आमच्या घरांमधली एक वस्तू फार चर्चेत असते. ती म्हणजे ७८६ क्रमांकाची नोट. 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण ओळीतील अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली की ७८६ येते. म्हणून अशी नोट हाती आली की बरकतीची समजून अनेक जण ती खर्च करत नाहीत. मोहल्ल्यातल्या एका खालांनी मला विचारलं, "बेटा, तू शिकलेला आहेस. या नोटेचे तीन लाख देतो म्हणतात. आधी अडीच हजार नोंदणीचे भरायचे आहेत. भरू का?" नातीच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यांनी हातात काढूनच आणले होते.

मी कागदावर हिशेब मांडला. नोटेचा क्रमांक सहा आकडी. अशा दहा लाख क्रमांकांत ७८६ हे आकडे सलग येणारे क्रमांक ३,९९९ निघतात. म्हणजे साधारण अडीचशे नोटांमागे एक. इतकी सहज मिळणारी वस्तू तीन लाखांना कोण घेईल?

मग मोबाइलवर दिसणारे लाखांचे आकडे कुठून येतात? ती असते मागितलेली किंमत. किंमत मागायला एकटा विक्रेता पुरतो, लिलावाला मात्र किमान दोन खरी गिऱ्हाइकं लागतात. समजा, एका नाण्यासाठी तुम्ही जास्तीत जास्त २,००० रुपयांची बोली नोंदवली. हा आकडा इतरांना दिसत नाही. दुसऱ्याची कमाल बोली १,२०० आहे आणि वाढीचा टप्पा ५० रुपयांचा आहे. तर नाणं तुम्हाला १,२५० ला मिळतं. म्हणजे भाव ठरवला तो हरलेल्या माणसाने. म्हणून आपल्या वस्तूचा भाव बघायचा तर 'विकल्या गेलेल्या' वस्तूंची यादी बघावी. विकायला ठेवलेल्या वस्तूंवर भरवसा ठेवू नये.

घेणाऱ्यानेही जपावं. काही वेळा विक्रेताच दुसऱ्या नावाने बोली चढवत नेतो. शेवटच्या मिनिटाला ईर्ष्या पेटते आणि वस्तूपेक्षा जिंकणंच मोठं वाटू लागतं. आपली मर्यादा आधी ठरवून ती एकदाच नोंदवणं उत्तम. शिवरायांच्या नावाशी जोडलेल्या तांब्याच्या शिवराईच्या नकलाही बाजारात पुष्कळ आहेत. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला अनेकदा सांध्याची रेघ दिसते, पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. म्हणून दोन्ही बाजूंचे आणि कडेचेही स्पष्ट फोटो मागावेत. वजन विचारावं आणि जाणकाराला दाखवावं.

कायद्याचंही भान हवं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेलं नाणं ही पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी विकून पाठवता येत नाही. शेतात नांगरताना हंडा सापडला तर तो थेट लिलावात नेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

आता खालांच्या अडीच हजारांविषयी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही, ती असं कोणतंही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि आपल्या नावाने ते वसूल करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तरीही बँकेचं बोधचिन्ह लावलेली पत्रं लोकांना येतात. आधी नोंदणी, मग कर, मग विमा, अशी मागणी वाढत जाते आणि एक दिवस फोन बंद होतो.

खालांनी पैसे भरले नाहीत, ते नातीच्या फीला लागले. ज्याला आपली वस्तू घ्यायची आहे, त्याने आपल्याला पैसे द्यायचे असतात. तोच आधी पैसे मागू लागला, तर बोलणं तिथेच थांबवा. आणि कुणाचे गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा.