विहीर आटते तेव्हा मोटार का जळते?

मुंबईच्या उपनगरांत अजून पुष्कळ विहिरी शिल्लक आहेत. अंधेरी-बोरिवलीच्या जुन्या वाड्यांत, मुलुंड-घाटकोपरच्या चाळींत, सोसायट्यांच्या आवारात त्यांचे पाणी धुणी-भांडी आणि संडासासाठी वापरतात. त्यामुळे नळाचे पाणी पिण्यापुरते राखता येते. २०२४ साली तलावांतला साठा घटला आणि महापालिकेने ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लावली, तेव्हा विहीर असणाऱ्यांना तिची किंमत कळली. परंतु नेमक्या याच दिवसांत विहिरीवरची मोटार जळते. मग वर्गणी, टँकर आणि हंडे घेऊन आपल्या आयाबहिणींची पायपीट.

मोटार जळाली की कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी स्टार्टरला लिंबू-मिरची बांधतो. कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तर तथागतांची शिकवण! इथले कारणही साधे आहे. पंप जे पाणी वर फेकतो, तेच पाणी त्याला थंड ठेवते. काठावरच्या मोनोब्लॉक पंपात सीलच्या दोन चकत्या एकमेकींवर घासतात आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो. पाणी खाली गेले, फुटव्हॉल्व्ह उघडा पडला की पंप हवा घेतो, चकत्या तापतात, तडकतात. पुढे पाणी आले तरी ते शाफ्टवरून बेअरिंगमध्ये आणि वाइंडिंगमध्ये शिरते. सबमर्सिबलची मोटार तर भोवतीने वाहणाऱ्या पाण्यावरच थंड राहते.

पुष्कळ कमिट्या म्हणतात, "स्टार्टरला ओव्हरलोड रिले आहे, तो ट्रिप होईल." ही समजूत महागात पडते. ओव्हरलोड रिले करंट वाढला तरच तुटतो. कोरड्या पंपाला उचलायला पाणीच नसते, म्हणून त्याचा करंट उलट कमी होतो. रिले स्वस्थ बसतो, मोटार फिरत राहते आणि वॉचमनला वाटते, टाकी भरते आहे.

यावर उपाय आहेत. उघड्या विहिरीत फ्लोट स्विच सोडावा. पाणी ठरलेल्या पातळीखाली गेले की तो स्टार्टर बंद करतो. दुसरा उपाय तीन सळ्यांच्या लेव्हल कंट्रोलरचा. सर्वांत लांब सळी कॉमन, मधली मोटार बंद करणारी, वरची पुन्हा चालू करणारी. मधली सळी फुटव्हॉल्व्हच्या दीड-दोन फूट वर असावी आणि वरची तिच्यापासून बरीच उंच. नाहीतर मोटार दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत राहील. सळ्यांवर क्षार आणि शेवाळ धरते. ते अधूनमधून खरवडावे लागते.

अरुंद बोअरवेलमध्ये ही सामग्री सोडणे कठीण जाते. तिथे करंट कमी झाल्यावर मोटार तोडणारा ड्राय रन रिले बरा. पाणी असताना मोटार समजा ६ अँपिअर घेत असेल, तर कोरडी चालताना किती घेते ते इलेक्ट्रिशियनकडून क्षणभर पाहून घ्यावे आणि रिले त्या दोन आकड्यांच्या मध्ये लावावा. पुन्हा चालू होण्याआधी अर्धा-एक तास थांबणारा टायमर त्यात असल्यास उत्तम. हिशेब पाहणाऱ्या माणसाने एवढेच तपासावे की रीवाइंडिंगच्या एका बिलात यांतले काय काय येते.

बचतीहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. पंपाने पाणी सोडले की कोणाला तरी विहिरीत उतरून फुटव्हॉल्व्ह बघावा लागतो. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या मागे जाऊन चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत झगडावे लागले, त्याच समाजाच्या पोरांना गाळ उपसायला आणि व्हॉल्व्ह बघायला हाक मारली जाते. आमच्या तरुणांनी स्पष्ट सांगावे: मेन स्विच बंद करून फ्यूज माझ्या खिशात आल्याशिवाय उतरणार नाही, कमरेला दोर आणि काठावर दोन माणसे हवीत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून पाणी उपसत असतील, तर मुळीच उतरू नये. त्याचा धूर तळाशी साचतो आणि बघता बघता माणूस जातो.

मार्च महिन्यात दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजावी आणि वहीत लिहावी. मोटार किती मिनिटे चालली, तेवढे पाणी परत भरायला किती वेळ लागला, हेही टिपावे. झरे मंद झाले असतील तर सलग चाळीस मिनिटांऐवजी सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटे चालवावी. खाडीजवळच्या विहिरींनी तर हे पाळावेच. फार उपसले की खारे पाणी आत ओढले जाते. वही स्टार्टरच्या खोलीतच टांगलेली असावी, सेक्रेटरीच्या कपाटात नव्हे.