विहिरीच्या पातळीवरून खडकाची परीक्षा

इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात चिलग्रोव्ह येथे एक जुनी विहीर आहे. तिच्या पाण्याची पातळी १८३६ सालापासून मोजली जात आहे. विहीर ज्या खडकात आहे तो चॉक, म्हणजे पांढरा मऊ चुनखडक होय. एका हिवाळ्यात तेथील जमिनीत मुरणारे पाणी फार तर हातभर. विहिरीतील पाणी मात्र वीस-पंचवीस मीटर चढते! १९९४ च्या जानेवारीत तर ती काठावरून वाहू लागली आणि जवळच्या चिचेस्टर शहराला पुराने वेढले.

हातभर पाण्याने एवढी चढ कशी होते? या खडकाच्या शंभर भागांत तीस-चाळीस भाग पोकळी असते. तथापि ती छिद्रे इतकी सूक्ष्म आहेत की, मडक्याच्या भिंतीत मुरलेले पाणी जसे ओतून काढता येत नाही, तसे त्यांतील पाणी विहिरीस मिळत नाही. भरतात आणि रिकाम्या होतात त्या केवळ भेगा. त्यांचा वाटा शंभरात एक-दोन भाग. मुरलेल्या पाण्याच्या उंचीस पातळीतील वाढीने भागले असता हाच आकडा हाती येतो.

छिद्रांतील पाणी स्थिर मात्र नसते. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे पावसात उतरलेल्या ट्रिटियमचा माग बर्कशायर परगण्यात घेण्यात आला. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात असे आढळले की, बहुतेक पाणी वर्षाला सुमारे एक मीटर एवढेच खाली सरकते. मग पातळी त्याच हिवाळ्यात कशी चढते? भरलेल्या नळीत वरून पाणी घातले की खालून आधीचे पाणी बाहेर पडते, तसेच येथे घडते. विहिरीत येते ते बरेचसे जुने पाणी. त्यामुळे पाणी पन्नास मीटर खोल असेल, तेथे शेतात आज वाया गेलेले नत्रखत विहिरीत उतरण्यास अर्धशतक लागू शकते. खत आटोक्यात आणूनही तेथील पाण्यातील नायट्रेट लवकर उतरत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे.

महाराष्ट्राचा काळा पाषाण निराळा. पण पातळीच्या चढउतारावरून मुरलेले पाणी मोजण्याची रीत येथेही तीच आहे. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विहिरीची पातळी घेताना काठावरील खूण एकच ठेवावी, आणि उपसा थांबवून पाणी पुरते स्थिरावल्यावरच माप घ्यावे. उपसा चालू असता घेतलेले माप खडकाचे नव्हे, पंपाचे असते.