गर्भिणीच्या पेल्यातील दूध



स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय काहीसा घरगुती वाटेल. परंतु या सीमाभागात विज्ञान शिकविताना मला पालकांनी जे प्रश्न विचारले, त्यांत अभ्यासक्रमातील थोडे आणि गोठ्यातले व स्वयंपाकघरातले फार होते. घरात सून गरोदर राहिली की एक प्रश्न हमखास येई : हिला दूध कोणते द्यावे? देवणीचे की जर्सीचे? धारोष्ण की तापविलेले? गोठ्यातले की पाकिटातले?

आपल्या बिदर जिल्ह्याला देवणी गायीचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. तिचे नाव ज्या देवणी गावावरून पडले ते शेजारच्या लातूर जिल्ह्यातले, पण ही जात सीमेच्या दोन्ही अंगांना नांदली. दुधाला बरी, तिचे बैल शेतीला उत्तम. तिचे दूध संकरित होल्स्टीनच्या दुधापेक्षा स्निग्ध असते, हे खरे. मात्र गर्भाच्या हाडांना जो चुना, म्हणजे कॅल्शियम, लागतो तो दोहींच्या दुधात जवळपास सारखाच, शंभर मिलिलिटरमागे सुमारे 120 मिलिग्रॅम असतो. अलीकडे 'ए-2' दुधाचा बोलबाला आहे. दुधातील बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीत 67 व्या स्थानी एका घटकाचा फरक असतो, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशी गायी बहुतांशी ए-2 गटात मोडतात, म्हशीही मोडतात. गर्भिणीला वा गर्भाला त्याने विशेष लाभ होतो, असे सिद्ध झालेले नाही. तेव्हा दारात देवणी असेल तर आनंद माना. नसेल तर दुप्पट-तिप्पट दाम मोजून तिचे दूध शोधत फिरण्याचे कारण नाही. केशराच्या काड्यांनी मूल गोरे होते, या समजुतीविषयी तर बोलायलाच नको. कातडीचा वर्ण आईबापांकडून येतो, पेल्यातून येत नाही.

मला चिंता वाटते ती गायीच्या जातीची नव्हे, निरशा दुधाची. धारोष्ण दुधाची आपल्या परंपरेत मोठी थोरवी आहे. चरकाने गर्भिणीसाठी महिनावार आहार सांगितला, त्यातही आरंभीच्या महिन्यांत दुधालाच अग्रस्थान आहे. त्या आचार्यांविषयी मला आदर आहे. परंतु डोळ्यांना न दिसणारे जंतू सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांना कसे दिसावेत?

गाय गाभडली, असे आपण गोठ्यात वरचेवर ऐकतो. गाभणपणाच्या उत्तरार्धात अशी गर्भहानी होण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे ब्रुसेला नावाचा जंतू. पशुवैद्य या रोगाला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. हा जंतू कासेत वस्तीला राहतो आणि दुधावाटे बाहेर पडतो. अशी गाय पुढे वरवर निरोगी दिसते, धार देते, दुधाला वासही येत नाही. ते दूध न तापविता पिणाऱ्या माणसाला चढउतार होणारा ताप येतो, सांधे धरतात. आणि पिणारी गर्भवती असेल तर तिचाही गर्भ जाण्याचा धोका असतो. माल्टा बेटावरील इंग्रज सैनिकांना अशाच तापाने वर्षानुवर्षे छळले होते. डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कोठून हे उमगेना. 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामित यांना तो तेथील धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांचे ते दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने ओसरला. निरशा दुधातून क्षयाचे जंतू येतात, लिस्टेरियाही येतो. हा लिस्टेरिया आईला किरकोळ तापावर सोडतो आणि गर्भाला मात्र सोडत नाही.

यावर उपाय घरातच आहे. दूध 72 अंशांवर पंधरा सेकंद राहिले तरी हे जंतू मरतात. डेअरीत पाश्चरीकरण म्हणतात ते हेच. चुलीवर उकळी आणून, ढवळत दोन-तीन मिनिटे ठेवले की झाले. त्याने थोडी जीवनसत्त्वे घटतात. चुना वा प्रथिने नाहीशी होत नाहीत. दही, ताकही तापविलेल्या दुधाचेच असावे. आणि एक गोष्ट दुधापलीकडची : गाभडलेल्या गायीचा जार उचलणे, तो गोठा झाडणे ही कामे गर्भवती सुनेकडे कदापि देऊ नयेत. जंतू तेथे सर्वाधिक असतो आणि हाताच्या साध्या ओरखड्यातूनही शिरतो. ज्याने ते करावयाचे त्यानेही हातमोजे घालावेत, जार चुना टाकून खोल पुरावा. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस टोचतात. 2019 पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात अवश्य विचारा.

पाकिटांविषयी थोडक्यात. टोन्ड दुधात स्निग्धांश किमान 3 टक्के, डबल टोन्डमध्ये दीड, फुल क्रीममध्ये 6. चुना सर्वांत जवळपास तेवढाच. अंगाने कृश असलेल्या मुलीला सायीचे द्यावे, वजन वा मधुमेह यांची काळजी असेल तिने टोन्ड घ्यावे. दुधाने पोट फुगत असेल तर दही चालते.

मला बोलावयाचे आहे ते खरे पुढेच. आपल्या कित्येक घरांत सकाळची धार सरळ डेअरीच्या कॅनमध्ये जाते. उरते ते चहाला, मग पोरांना, मग पुरुषांना. जिने शेण काढले, वैरण टाकली, तिच्या वाट्याला चहातले दोन चमचे. गर्भिणीला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. अर्ध्या लिटर दुधाने त्याची निम्म्याहून अधिक भरपाई होते. 2017 च्या ऑक्टोबरपासून कर्नाटकात 'मातृपूर्ण' योजनेखाली अंगणवाडीत गर्भवतींना जेवणाबरोबर दूध देण्यास आरंभ झाला. ते भुकटीचे म्हणून नाक मुरडणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. भुकटीतही प्रथिने आणि चुना असतात. पाणी उकळलेले असले म्हणजे पुरे.

दुधात लोह मात्र जवळजवळ नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील 52 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. म्हणून लोहाच्या गोळ्या दुधाबरोबर वा चहाबरोबर घेऊ नयेत. त्यांच्यामुळे लोह अंगी लागत नाही. मध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उत्तम, आणि दुधाचा पेला रात्री निजताना.