भगुन्यातलं मटण आणि लॅबचा अहवाल

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडायला लागले. पन्नासच्या आसपास कावळे गेल्यावर नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत पाठवले गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. मग किल्लारी असो की औसा, कोंबडी खायची का नाही, हाच प्रश्न. भोपाळहून ‘निगेटिव्ह’ आलं तर बिनधास्त खायचं, असा एकूण हिशेब.

या हिशेबातच पहिली गल्लत आहे. बर्ड फ्लू हा विषाणू. भोपाळची ती चाचणी त्या विषाणूपुरती. मांस खाऊन पोट बिघडतं ते बहुतेक वेळा जिवाणूंमुळे: साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलायचे काही प्रकार, क्लॉस्ट्रिडियम. ते कावळे मारत नाहीत, कोंबडीलाही सहसा आजारी पाडत नाहीत. तिच्या आतड्यात ते सुखाने नांदतात. फ्लूचा अहवाल स्वच्छ आला म्हणून यांच्याबद्दल काहीच कळत नाही. त्यांची तपासणी वेगळी, माध्यमं वेगळी, वेळही वेगळा.

‘लॅबला दिलं की संध्याकाळी कळतं’ हाही समज रक्त-लघवीच्या तपासणीवरून आलेला. साल्मोनेला शोधायचा तर २५ ग्रॅम मांस २२५ मिलिलिटर पोषक द्रावणात घालून ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. त्यात अर्धमेले जंतू सावरतात. मग त्यातलं थोडं दोन वेगळ्या द्रावणांत घालतात, जिथे इतर जंतू मागे पडतात आणि साल्मोनेला वाढतो. आणखी एक दिवस गेला. नंतर ते लालसर माध्यमाच्या बशीवर पसरायचं. दुसऱ्या दिवशी तिथे मधोमध काळा ठिपका असलेल्या वसाहती दिसल्या तर संशय बळावतो, पण शिक्कामोर्तब नाही. त्यासाठी पुढच्या चाचण्या. सगळं धरून चार-पाच दिवस. पीसीआरने वेळ वाचतो, तरी आधीचं ते रात्रभर वाढवणं सुटत नाही. रविवारी आणलेल्या मटणाचा अहवाल येईपर्यंत पुढचा बाजार तोंडावर आलेला असतो.

आणि अहवाल ‘आढळला नाही’ आला, तरी तो त्या २५ ग्रॅमांचा. समजा एका गाडीतल्या शंभर कोंबड्यांपैकी पाच दूषित आहेत. पाच कोंबड्यांचे नमुने घेतले, तर पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के! ती पाच टक्क्यांच्या खाली आणायची तर ४५ नमुने लागतात. तपासलेलं मांस पुन्हा विकताही येत नाही. १९६०च्या सुमारास अंतराळवीरांचं अन्न तयार करताना अमेरिकेत हीच अडचण आली: खात्री पटेपर्यंत तपासायचं तर बराचसा माल तपासणीतच संपायचा. म्हणून तयार माल तपासत बसण्यापेक्षा तो बनताना जिथे चूक होऊ शकते त्या जागा धरून ठेवायच्या, ही पद्धत निघाली. आज जगभरचे मांस कारखाने त्यावरच चालतात. माझ्या मते लॅबचा खरा उपयोगही तोच. तुमच्या पिशवीतल्या अर्ध्या किलोला ती दाखला देत नाही. मांस ज्या हातांतून, ज्या ओंडक्यावरून आलं, त्यांची ती परीक्षा घेते.

तो ओंडका जरा जवळून बघा. ‘डोळ्यांदेखत कापलं, एकदम ताजं’ असं आपण मोठ्या विश्वासाने सांगतो. ताजेपणाने चव येते, यात वाद नाही. पण निरोगी बोकडाचं मांस आतून जवळपास निर्जंतुकच असतं. जंतू असतात केसांवर आणि आतड्यात. कातडं सोलताना, कोठा काढताना ते मांसावर येतात. मग तोच सत्तूर, तेच एक बादली पाणी, तोच चिरा पडलेला लाकडी ओंडका आणि वजडी साफ केलेले तेच हात. ओंडक्यावर निर्जंतुक बोळा फिरवून लॅबमध्ये ई. कोलाय मोजले, तर आतड्यातली घाण मांसापर्यंत किती पोचते याचा अंदाज येतो. गावरान कोंबडीलाही सूट नाही. उकिरड्यावर चरणारी तलंग चवीला भारी, पण जंतूंच्या बाबतीत सोवळी नव्हे.

वासाचं म्हणाल, तर मांस नासवणारे जंतू वेगळे आणि माणसाला पाडणारे बरेचसे वेगळे. साल्मोनेला असलेल्या मांसाला वास येईलच असं नाही. हळद-मीठ लावून धुण्यानेही तो मरत नाही. उलट नळाच्या धारेखाली कोंबडी धरली की शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर. धुवायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हळू धुवा आणि नंतर मोरी व हात साबणाने. फ्रिज जंतूंना मारत नाही, थोपवतो. लिस्टेरिया तर तिथेही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये तयार मांसाच्या पदार्थातून तो पसरला आणि २००हून अधिक माणसं दगावली.

खिम्याबद्दल एकच सांगतो. १९९३ म्हटलं की किल्लारीला भूकंपाशिवाय काही आठवत नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेत कच्चट राहिलेल्या खिम्याच्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ पसरून ७००हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं गेली. अखंड तुकड्यावर जंतू वरवर असतात; खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात.

‘आपण कुठे कच्चं खातो? आपला रस्सा तासभर रटरटतो,’ हे उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं. ते बरंचसं खरंही आहे. चांगल्या उकळीपुढे साल्मोनेला, ई. कोलाय टिकत नाहीत. पण कंदुरीच्या जेवणाची डेग आठवा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू उकळीतूनही जिवंत सुटतात. रात्री जेवणं उरकतात, जाळ ओढून घेतात, उरलेल्या रश्श्यावर झाकण पडतं. एवढं मोठं भांडं मधोमध तासन् तास कोमट राहतं, आत हवा नसते, आणि ४३ ते ४७ अंशांवर हा जंतू दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. त्या वेगाने तीन तासांत एकाचे अडीच लाख. सकाळी तोच रस्सा जरासा कोमट करून भाकरीबरोबर खाल्ला, की संध्याकाळपर्यंत पोटात पिळे आणि जुलाब. दोष मग पाण्यावर, तेलावर, नाहीतर कुणाच्या तरी नजरेवर.

उपाय साधा आहे. वाढेपर्यंत डेग निखाऱ्यावर ६० अंशांच्या वर, म्हणजे वाफाळती ठेवायची. उरलेलं लगेच परातीत, उथळ भगुन्यांत काढायचं आणि दोन तासांत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी खदखदून उकळी. वाढप्याच्या हातावर जखम असेल तर त्याला दुसरं काम द्या: जखमेतल्या स्टॅफिलोकोकस जंतूचं विष एकदा अन्नात तयार झालं की उकळीनेही जात नाही.

‘तपासणी हे साहेब लोकांचं काम’ हेही अर्धंच खरं. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी नमुने घेतात, पण अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६च्या कलम ४० प्रमाणे विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकालाही आहे. अर्थात जेवणातून बरेच जण एकदम आजारी पडले तर आधी सरकारी दवाखाना गाठा. आणि घाबरून उरलेलं मटण उकिरड्यावर ओतू नका. उकळून धुतलेल्या डब्यात ते झाकून फ्रिजमध्ये ठेवा, वर तारीख-वेळ लिहा आणि दवाखान्यात सांगा. फक्त बर्फाच्या कप्प्यात नको. गोठवलं की परफ्रिंजेन्स मोठ्या संख्येने मरतो आणि लॅबमध्ये दोषी रस्साही निर्दोष ठरू शकतो.