नोकरदार अभियंत्यांची व्यावसायिक प्रगती व अंशकालीन तंत्रज्ञान व्यवस्थापन पदवी

प्रस्तावना :
अभियांत्रिकीची पदवी घेऊन उद्योगात प्रवेश केलेल्या व्यक्तीची पहिली काही वर्षे यंत्र, प्रक्रिया अथवा संगणक प्रणाली यांच्या सान्निध्यात जातात. पुढे तिच्यासमोरील प्रश्नांचे स्वरूप बदलते. यंत्र कसे चालवावे याऐवजी कोणते यंत्र घ्यावे, केव्हा घ्यावे व त्यासाठी माणसे कशी तयार करावीत, हे ठरवावे लागते. पदवी अभ्यासक्रमात या प्रश्नांची तयारी फारशी होत नाही आणि नोकरी सोडून दोन वर्षे शिकणे कुटुंबाची जबाबदारी असणाऱ्यास परवडत नाही. अशा व्यक्तींसाठी तंत्रज्ञान व्यवस्थापनातील अंशकालीन पदव्युत्तर पदवी हा एक मार्ग आहे. तो कोणत्या अटींवर उपयुक्त ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व विकास :
तंत्रज्ञानाची निवड, संपादन, आत्मसातीकरण, विकास व योग्य वेळी त्याग यांविषयीचे निर्णय शास्त्रशुद्ध रीतीने घेणे म्हणजे तंत्रज्ञान व्यवस्थापन होय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९८१ मध्ये अभियांत्रिकी व व्यवस्थापन या दोन्ही शाखांच्या सहकार्याने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. १९८७ मध्ये तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने या विषयाचे औद्योगिक महत्त्व अधोरेखित केले. भारतात पिलानी येथील बिर्ला इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स या अभिमत विद्यापीठाने १९७९ पासून नोकरीशी निगडित उच्च शिक्षणाची परंपरा निर्माण केली. दिल्लीच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेनेही तंत्रज्ञान व्यवस्थापनावर भर देणारा अंशकालीन एम.बी.ए. अभ्यासक्रम नोकरदारांसाठी चालविला आहे.

नोकरी हीच प्रयोगशाळा :
अंशकालीन शिक्षणाचे खरे बलस्थान केवळ वेतन चालू राहण्यात नाही. वर्गात शिकलेली संकल्पना दुसऱ्याच दिवशी कामावर तपासता येते, हे ते बलस्थान होय. उदाहरणार्थ, वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यातील अभियंत्यास वेल्डिंगसाठी यंत्रमानव घेण्याचा प्रस्ताव तयार करावयाचा आहे, असे मानू. यंत्रमानवाची रचना त्यास ठाऊक असते. परंतु गुंतवणुकीचे वर्तमान मूल्य काय, मागणी घटल्यास काय होईल, कामगारांचे पुनर्प्रशिक्षण कसे करावे व पुरवठादारावरील अवलंबित्व किती वाढेल, या प्रश्नांची उत्तरे त्याला व्यवस्थापनशास्त्रातून मिळवावी लागतात. हाच प्रस्ताव त्याचा प्रकल्पविषय झाला, तर शिक्षणाचा लाभ संस्थेस व विद्यार्थ्यास एकाच वेळी मिळतो. पदोन्नतीचा पाया प्रमाणपत्रापेक्षा अशा कामातून अधिक भक्कम होतो.

वेळेचे गणित :
२०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एका वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १,२०० अध्ययन तास होत. त्यात वर्ग, प्रात्यक्षिक व स्वाध्याय यांचा समावेश होतो. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीचे ८० श्रेयांक म्हणजे २,४०० तास होतात. ते तीन वर्षांत विभागल्यास आणि वर्षाचे ५० आठवडे धरल्यास दर आठवड्यास १६ तास लागतात. दोन वर्षांतच पूर्ण करावयाचे झाल्यास २४ तास. नोकरीचे ४८ तास धरता विद्यार्थ्याचा आठवडा अनुक्रमे ६४ अथवा ७२ तासांचा होतो. प्रवासाचा वेळ याशिवाय. हा भार कुटुंबालाही वाटून घ्यावा लागतो. म्हणून केवळ शुल्क पाहून अभ्यासक्रमाची निवड करणे अपुरे आहे.

मान्यतेचा प्रश्न :
नोकरी सांभाळून मिळविलेली पदवी पदोन्नतीच्या वेळी ग्राह्य धरली गेली नाही, तर सर्व परिश्रम धोक्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी ओडिशा उपसा सिंचन महामंडळाच्या प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने बोधप्रद आहे. सेवेतील पदविकाधारकांनी दूरस्थ पद्धतीने मिळविलेल्या अभियांत्रिकी पदव्या पदोन्नतीसाठी वैध आहेत काय, हा प्रश्न त्यात होता. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीविना दिलेल्या अशा पदव्यांबाबत २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेमार्फत परीक्षेची संधी देण्यात आली; त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरल्या. दोष संस्थांचा असला, तरी परिणाम विद्यार्थ्यांना भोगावे लागले.

हा निर्णय अभियांत्रिकीच्या दूरस्थ पदव्यांविषयी होता. अंशकालीन व्यवस्थापन शिक्षणाविषयी नव्हे. परंतु त्यातून तीन भेद स्पष्टपणे लक्षात घेतले पाहिजेत. पहिला, अंशकालीन व दूरस्थ या भिन्न पद्धती आहेत. अंशकालीन अभ्यासक्रमात सायंकाळी अथवा सुटीच्या दिवशी नियमित वर्ग भरतात. दुसरा, दूरस्थ व ऑनलाइन पदव्यांनाही आज मान्यता आहे. परंतु ती सक्षम मंजुरी असलेल्या संस्थांच्या मंजूर अभ्यासक्रमांपुरतीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २ सप्टेंबर २०२२ रोजी अशा पदव्यांची नियमित पदव्यांशी समकक्षता स्पष्ट केली. तिसरा, पदवी, पदव्युत्तर पदविका व प्रमाणपत्र या एकच गोष्टी नव्हेत. नोकरदारांसाठीच्या अनेक आकर्षक अभ्यासक्रमांअंती केवळ प्रमाणपत्र मिळते. सेवानियमात 'पदवी' हा शब्द असल्यास ते पुरेसे ठरत नाही.

प्राध्यापकांची भूमिका :
माजी विद्यार्थी अशा निर्णयापूर्वी बहुधा आपल्या जुन्या शिक्षकांचाच सल्ला घेतात. त्या वेळी प्राध्यापकांनी त्यांना अभ्यासक्रमाची मंजुरी प्रवेशाच्या वर्षासाठी तपासण्यास, गुणपत्रिकेवर व पदवी प्रमाणपत्रावर काय नमूद होईल हे विचारण्यास आणि मालकाकडून परवानगी व पदवीची ग्राह्यता लेखी घेण्यास सांगावे. प्रकल्पासाठी कार्यालयीन माहिती वापरण्याची मुभाही आधीच मिळवावी. अन्यथा गोपनीयतेच्या कारणाने प्रबंध अडतो.

निष्कर्ष :
अंशकालीन तंत्रज्ञान व्यवस्थापन पदवी ही पदोन्नतीची हमी नव्हे. नोकरीतील प्रत्यक्ष समस्या अभ्यासाचा विषय झाली, आठवड्याच्या तासांचा प्रामाणिक हिशेब मांडला गेला व मान्यतेची खात्री प्रवेशापूर्वीच झाली, तर ती कर्त्या अभियंत्यास निर्णयकर्त्याच्या भूमिकेकडे नेऊ शकते. यांपैकी मान्यतेची अट दुर्लक्षित राहिल्यास इतर दोहोंचे फळ हातचे जाते. म्हणूनच मार्गदर्शनाचा आरंभ तेथून होणे आवश्यक आहे.