रात्रीच्या गोळीचे दशक

डायफेनहायड्रामिन नावाचे जे द्रव्य गेली सुमारे ऐंशी वर्षे खाज, शिंका, अंगावर उठणाऱ्या गांधी आणि निद्रानाश यांवर जगभर घेतले गेले, ते आता चिठ्ठीने आणि विनाचिठ्ठी अशा दोन्ही मार्गांनी होणाऱ्या विक्रीतून कायमचे काढून घ्यावे, असा निःसंदिग्ध अभिप्राय देणारा काही अमेरिकी तज्ज्ञांचा लेख २०२५ साली जागतिक अ‍ॅलर्जी संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील प्रमाणांशी माझा वाद नाही. हे द्रव्य रक्तातून मेंदूत शिरते, गुंगी आणते, वृद्धांच्या चित्तात संभ्रम उत्पन्न करते, वाहनचालकाचे अवधान मंद करते, आणि हे दोष पुष्कळ अंशी टाळून तेच कार्य करणारी नवी औषधे उपलब्ध आहेत, हे सारे खरे आहे. परंतु ज्या बेनाड्रिलच्या बाटलीवर आम्ही पार्क-डेव्हिस, साकीनाका असा पत्ता वाचत वाढलो, तिच्यातील द्रव्याचा असा निकाल लागलेला पाहून अंधेरीच्या एका जुन्या रहिवाशास जो चटका बसला, त्याची कैफियत मांडणे मला अगत्याचे वाटते; कारण त्या औषधाच्या संगतीने वैद्यकाचा जो एक शिरस्ता आमच्या उपनगरात नांदत होता, तोही त्याच निकालात कोणतीही चौकशी न होता बाद झाला आहे.

या औषधांच्या पूर्वी आमच्या घरांत अंगावर पित्त उठले म्हणजे आमसुलाचे पाणी अंगाला लावीत, कोणी गेरू चोळीत, आणि रुग्णास घोंगडीत गुंडाळून वाऱ्यापासून दूर निजवीत. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांना एक स्वतंत्र प्रकरण दिले असून थंड वाऱ्याचा स्पर्श हे त्यात कारण म्हणून सांगितले आहे, आणि केवळ गारव्याने गांधी उठणारे रुग्ण आजचे त्वचारोगतज्ज्ञही ओळखतात. पुढे १९०७ मध्ये हिस्टामिन प्रयोगशाळेत सिद्ध झाले, १९१० पासून सर हेन्री डेल यांनी त्याचे शरीरातील कार्य उलगडले, १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दानिएल बोव्हे आणि आन-मारी स्टॉब यांनी त्यास रोखणारे पहिले संयुग शोधले, १९४३ मध्ये अमेरिकेत जॉर्ज रिव्हशल यांनी डायफेनहायड्रामिन तयार केले, ते १९४६ मध्ये पार्क-डेव्हिसने बाजारात आणले, आणि १९५७ मध्ये बोव्हे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा क्रम कोणत्याही कोशात सापडेल. माझे मन त्यात रमत नाही. ते रमते १९७५ ते १९८५ या दशकात, कारण ते दशक मी अंधेरीत पाहिले, आणि त्या दशकात ही औषधे आम्हांस परदेशातून आलेली वाटत नव्हती.

वाटण्याचे कारणही नव्हते. अंधेरी-कुर्ला रस्त्याने निघाले की साकीनाक्याला पार्क-डेव्हिसचा कारखाना लागे; तेथून घाटकोपरास जाऊन, ज्याचे लालबहादूर शास्त्री मार्ग असे नामकरण झाले असूनही जुनी माणसे ज्यास आग्रा रोडच म्हणत, त्या रस्त्याला लागले की भांडुपला मे अँड बेकर आणि त्यापुढे मुलुंडला हेक्स्ट. साकीनाक्याचे बेनाड्रिल, भांडुपच्या कंपनीचे फेनर्गन आणि मुलुंडच्या कंपनीचे एव्हिल, अशी खाजेवरची तीन विख्यात औषधे ज्यांच्या नावाने खपत, त्या तिन्ही कंपन्या एका बसप्रवासाच्या टप्प्यात होत्या. कोकणात एस.टी.ने निघालेल्या ज्या मुलांना कशेडीच्या वळणांवर उलट्या होत, त्यांना आया निघण्यापूर्वी एव्होमिनची गोळी देत. तीही मे अँड बेकरचीच, आणि तिच्यातले प्रोमेथाझिन हे फेनर्गनमधलेच द्रव्य. गोरेगावला सीबाचे संशोधन केंद्र १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते उघडले होते आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ तेथे प्रमुख होता. मुलुंडला हेक्स्टचे संशोधन केंद्र १९७२ मध्ये निघाले आणि कोलियसच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य तेथील शास्त्रज्ञांनी वेगळे करून जगास दिले. भोंगा वाजला की या कारखान्यांतून बाहेर पडणारी माणसे आमच्याच चाळींतून राहत, आणि एखाद्या गोळीविषयी शंका आली तर ती करणाऱ्या खात्यातला कोणीतरी जिन्यात भेटत असे. औषध आणि औषध घेणारा यांच्यात असे शेजारपण या शहराने पुन्हा अनुभवले नाही.

जुन्या नागरदास रोडच्या बाजूला एका चाळीच्या तळमजल्यावर आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. लाकडी बाके, कंपाउंडरची खिडकी, मात्रेच्या खुणांचा कागद चिकटवलेल्या मिश्रणाच्या बाटल्या आणि कॅलामाइनचा तो गुलाबी दर्प, हे सारे त्या पिढीच्या वाचकास सांगावयास नको. अंगावर गांधी घेऊन कोणी आला म्हणजे डॉक्टर प्रथम बोथट काडीने त्याच्या पाठीवर एक रेघ ओढीत आणि ती फुगून वर येते का ते पाहत. मग चिठ्ठी लिहिण्यापूर्वी त्यांचा पहिला प्रश्न असे, ‘कारखान्यात पाळी कोणती?’ मरोळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर किंवा प्रेसवर उभा राहणारा कामगार ही गोळी घेऊन यंत्रासमोर गेला तर बोटे गमावील, हे ते जाणून होते. म्हणून दिवसपाळीवाल्यास ती निजताना, आणि रात्रपाळीवाल्यास सकाळी घरी परतून न्याहारी झाल्यावर, असा त्यांचा कडक हुकूम असे. आमच्या वस्तीत या औषधांना ‘रात्रीची गोळी’ हे नाव पडले ते त्यामुळे. औषध नियमांच्या ‘जी’ अनुसूचीत हा वर्ग पूर्वीपासूनच घातलेला होता, आणि वैद्यकीय देखरेखीखेरीज घेणे धोक्याचे, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक होते. परंतु त्या सूचनेचा अंमल कायद्यापेक्षा गोळीच्या गुंगीनेच अधिक करून घेतला. जी वस्तू घेतल्याने दुसऱ्या दिवशीचे काम बुडते, ती कोणी महिनोन्‌महिने घेत नाही. मनुष्य आठवड्याभरात दवाखान्यात परत येई आणि म्हणे की खाज थांबते पण डोळे मिटतात, कारण शोधा. आणि डॉक्टर कारण शोधीत.

ती त्यांची तहकिकात मी अनेकदा बाकावर बसून ऐकली आहे. वहीच्या पानावर दोन रकाने आखून देत, एकात खाल्ले-प्यायले आणि घेतले ते सारे, दुसऱ्यात गांधी उठल्याची वेळ. आणि रुग्णाची जबानी घेताना औषधांविषयी तीनतीनदा विचारीत, कारण डोकेदुखीच्या गोळीस लोक औषध मानीतच नसत. आमच्या मजल्यावरील एका गृहिणीस संध्याकाळी गांधी उठत, तिने वांगे, शेंगदाणे, आंबट सारे सोडले, देवाचेही केले. त्या दोन रकान्यांतून निघाले ते असे, की गर्दीच्या गाडीतून उतरल्यावर डोके ठणकते म्हणून ती अ‍ॅस्पिरिनची गोळी घेई. ती बंद झाली आणि त्वचा शांत झाली. दुसरे प्रकरण बांगड्याचे. पावसाळ्याच्या अखेरीस वर्सोव्याचा बांगडा बाजारातून घरी येईपर्यंत उन्हात राहिला म्हणजे त्याच्या मांसातील हिस्टिडिनपासून जीवाणू हिस्टामिनच तयार करतात, आणि एकदा ते झाले की कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंग पेटते आणि पित्त उठते. डॉक्टर विचारीत, ‘एका ताटातल्या सगळ्यांना उठले का?’ सर्वांना उठले असेल तर दोष माशाच्या शिळेपणाचा, एकालाच उठले तर प्रकृतीचा. आणि पहिल्या प्रकारातील माणसास आयुष्यभर मासा वर्ज्य करण्याचा अन्याय ते करीत नसत. अनेक जुनाट रुग्णांत काहीच कारण सापडत नसे. हा पराभव ते लपवीत नसत. सापडले नाही असे सांगून पुढच्या भेटीची तारीख देत.

आणखी एक गोष्ट त्यांनी आम्हांस पढवली होती. ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास कोंडला, तर गोळीची वाट पाहू नये. तेथे अ‍ॅड्रेनालिनचेच इंजेक्शन हवे, आणि त्याची कुपी त्यांच्या टेबलाच्या वरच्या खणात नेहमी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी जोकिची ताकामिने यांनी शुद्ध केलेले अ‍ॅड्रेनालिन बाजारात आणणारी कंपनीही पार्क-डेव्हिसच. गांधींवरचे औषध आणि गांधी जिवावर उठल्या तर वाचवणारे औषध, दोहोंच्या इतिहासावर एकाच कंपनीची मोहोर आहे. या दोहोंतला भेद त्या काळच्या गिरणीकामगारालाही ठाऊक होता, आणि आज उच्चशिक्षित माणसे फुगलेल्या ओठांनी अ‍ॅलर्जीची गोळी चघळत टॅक्सीची प्रतीक्षा करतात, हे पाहून माझा जीव कासावीस होतो.

त्या दशकात सारेच डॉक्टर असे होते, असे मी म्हणत नाही. आमच्याच भागात असे दवाखाने होते की जेथे खाज म्हणताच एव्हिल आणि डेक्सामेथासोन एका सिरिंजमध्ये भरून टोचीत. रुग्ण तासाभरात बरा होई, डॉक्टरांचे नाव होई, आणि कारण जागेवरच राही. स्टेरॉइडचा अंश असलेल्या गोळ्या कितीएकांना वर्षानुवर्षे अज्ञानात खाऊ घातल्या गेल्या, त्यांचे फुगलेले चेहरे मी विसरलेलो नाही. १९८३ साली केंद्र शासनाने घातक औषध-संयोगांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. प्रतिहिस्टामिन आणि जुलाबावरचे औषध एकत्र करणारे संयोगही तीत होते, आणि इतका अविचार कायद्याने थांबवावा लागला, यातच त्या व्यवसायाची कैफियत आली.

ऐंशीच्या उत्तरार्धात झोप न आणणाऱ्या गोळ्या आल्या. टर्फेनाडिन आणि अस्टेमिझोल यांची चकचकीत पत्रके घेऊन कंपन्यांचे प्रतिनिधी दवाखान्यांतून फिरू लागले, आणि आमच्या डॉक्टरांनी ती पत्रके बाजूस ठेवली तेव्हा वसाहतीतील तरुण डॉक्टरांनी त्यांना मागासलेले ठरवले. पुढचा इतिहास नोंदलेला आहे. एरिथ्रोमायसिन किंवा किटोकोनाझोल यांच्या सोबत टर्फेनाडिन घेतले तर यकृतात त्याचे विघटन अडते, रक्तातील प्रमाण वाढते आणि हृदयाचा ठेका बिघडून मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेत ते १९९८ मध्ये बाजारातून गेले, अस्टेमिझोल १९९९ मध्ये, आणि भारत सरकारने दोन्हींवर बंदी घातली ती मार्च २००३ मध्ये. मधल्या वर्षांत आमच्याकडे त्या गोळ्या घेणाऱ्यांचा हिशेब कोणी मागितला नाही. ज्या तरुणांनी त्या वृद्धास मागासलेला म्हटले, त्यांपैकी कोणी पुढे त्यांच्याकडे जाऊन दोन शब्द बोलल्याचेही माझ्या ऐकिवात नाही. टर्फेनाडिनपासून शरीरातच तयार होणारे फेक्सोफेनाडिन मात्र हृदयास निर्धोक निघाले आणि आज योग्य मानाने वापरले जाते, हेही नमूद केले पाहिजे.

त्यानंतरच्या सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, बिलास्टिन यांच्या वर्षांविषयी मला फारसे सांगावयाचे नाही. औषधे चांगली आहेत, आणि जुनाट गांधींवर आधी हीच द्यावीत व गरज पडल्यास वैद्याच्या देखरेखीखाली मात्रा चौपटीपर्यंत वाढवावी, असे जागतिक मार्गदर्शन सांगते. माझे दुःख वेगळे आहे. गुंगी गेली तशी रुग्णास दवाखान्यात परत आणणारी निकडही गेली, आणि निकड गेली तसे प्रश्नही गेले. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केले की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेऊन एकाएकी थांबवल्यास क्वचित अतितीव्र खाज सुटते. २०१७ ते २०२३ या काळातील अशी २०९ प्रकरणे त्यांनी नोंदली. खाजेची गोळी सोडल्यानेच खाज सुटावी, ही वेळ रात्रीच्या गोळीच्या काळात आमच्या ओळखीच्या कोणावर आली नाही, कारण ती गोळी इतकी दीर्घ मुदत कोणी घेतच नसे. त्यातच लेव्होसेटिरिझिनशी मॉन्टेलुकास्ट जोडलेली गोळी आज सर्दीलाही सर्रास लिहिली जाते, आणि २०२० मध्ये त्याच अमेरिकी प्रशासनाने मॉन्टेलुकास्टच्या मनावरील परिणामांविषयी सर्वांत कठोर इशारा दिला, ही वार्ता रुग्णाच्या कानी घालण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

साकीनाक्यावरून आता २०१४ पासून मेट्रो धावते. पार्क-डेव्हिसची मालक कंपनी २००० मध्ये फायझरने गिळली. हेक्स्ट आणि मे अँड बेकरची मालक ऱ्होन-पूलांक १९९९ मध्ये परदेशी एकत्र होऊन अव्हेंटिस झाली आणि मुलुंड-भांडुपच्या दोन प्रतिस्पर्ध्यांचे परदेशी मालक एक झाले. त्या रस्त्यांवर आज बांधकामाची धूळ पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक आहे, अंगावर आणि श्वासावर उठणाऱ्यांची संख्या मला रोज दिसते, आणि स्टेशनाबाहेरील औषधांच्या दुकानांत गोळीची पट्टी मागणाऱ्यास पाळी कोणती, काय खाल्ले, दुसरे कोणते औषध चालू आहे, असे कोणी विचारताना मी ऐकले नाही. डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्या संघटनांकडे माझी मागणी एवढीच आहे की गांधींवरच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत दोन रकान्यांचा एक छापील कागद मराठीत द्यावा, त्याच्या माथ्यावर ओठ व घसा सुजल्यास तत्काळ रुग्णालयात जाण्याची सूचना असावी, खाली पुन्हा येण्याची तारीख असावी, आणि त्या तारखेस रुग्ण आला तर तो कागद कोणीतरी वाचावा.